वरच्या घराच्या नोंदी

१४ जानेवारी २०२३, शनिवार

आजपासून वही सुरू. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पुढच्या पडवीचं छप्पर आणि एका बाजूचा कोनवासा, म्हणजे छपराच्या कोपऱ्याचा तिरपा वासा, गेला. त्यानंतरचे तीन पावसाळे निळ्या ताडपत्रीवर काढले. यंदा भावकीत वर्गणी जमली, दुरुस्ती दादानं अंगावर घेतली आणि घराचा इतिहास लिहिण्याचं काम मी मागून घेतलं. मागून घेतलं, कारण दादाला दारात पाटी लावायची आहे: ‘पेशवेकालीन वाडा, स्थापना १७८६’. पुढच्या हंगामात दोन खोल्या पर्यटकांना द्यायचा त्याचा बेत आहे. म्हटलं, रंगाऱ्याकडे जाण्याआधी साल तरी तपासून बघू.

‘वाडा’ हा शब्दही पर्यटकांसाठीचाच. दापोली तालुक्यातल्या आमच्या या गावात त्याला कुणी वाडा म्हणत नाही. खालच्या वाडीतले लोक ‘वरचं घर’ म्हणतात, जुनी माणसं ‘खोताचं घर’. खोत म्हणजे गावचा सरकारी वसूल गोळा करणारा. आम्ही नुसतं घर म्हणतो.

१५ जानेवारी

मोजमापं घेतली. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, उजवीकडे बाळंतिणीची खोली आणि कोठार, मागे देवघर आणि मागीलदार. वर माळा. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, खांब सागाचे, वासे ऐनाचे आणि किंजळाचे. खांबांखालचे तळखडे काळ्या दगडाचे आहेत, म्हणजे ते दुरून आणले असणार, कारण आमच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, फक्त जांभा.

एक गोष्ट आजच टिपून ठेवतो. देवघराच्या जोत्याचे चिरे लहान, ओबडधोबड आणि मातीत बसवलेले आहेत. बाकी घराचे चिरे मोठे, नीट तासलेले, आणि दरजांत चुना. दोन्ही कामं एका वेळची वाटत नाहीत.

५ फेब्रुवारी, रविवार

माळ्यावरच्या पेटीतले कागद खाली काढले. काकूंनी आधी उदबत्ती लावली, मगच कुलूप उघडू दिलं. वर लग्नपत्रिका, मनीऑर्डरीच्या पावत्या आणि रेशनकार्डं. त्याखाली सातबारे, एका कोर्टाच्या निकालाची नक्कल. तळाशी मोडी: सुटे कागद साधारण चाळीस, आणि लाल कापडात बांधलेल्या नऊ लांबट वह्या. दोन वह्यांचा वाळवीनं भुगा केला आहे. तिसरी अर्धी उरली आहे.

मला मोडी येते म्हणजे छापील बाराखडी येते. खरा हात वाचणं वेगळं. आधी पानभर आडवी रेघ ओढलेली आणि बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं टांगत नेलेली. शब्द कुठे संपतो ते सांगत नाहीत, वेलांटी एकच, ती पहिली की दुसरी हे अर्थावरून ठरवायचं. पुण्याच्या मोडीच्या बाईंना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर अर्ध्या तासात: “हे सगळं जमाखर्चाचं आहे. छान आहे. लोक सनदा जपतात, वह्या जाळतात.”

२१ फेब्रुवारी

पुणे, पुराभिलेखागार. पेशवे दप्तर इथेच आहे. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडताना जुन्या कागदाचा जो वास येतो त्यासाठी तरी एकदा जावं.

दादाचं १७८६ ज्या कागदावरून आलं ती घरातली सनद, म्हणजे हक्क दिल्याचा सरकारी कागद, मुळात नक्कल आहे. तिच्यावर साल अक्षरी आहे: ‘सु॥ सबा समानीन मया व अलफ’. हे अरबी सुहूर सन. सबा ७, समानीन ८०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११८७. त्यात ५९९ मिळवले की १७८६. हा सन मृगाला सुरू होतो, म्हणून जूनपासून पुढचं वर्ष धरायचं. शेजारी शक दिला आहे, १७०८, पराभवनाम संवत्सर. तोही १७८६–८७ लाच जातो. दोन्ही सन जुळतात, तेव्हा साल पक्कं. सवाई माधवरावांची कारकीर्द, आमचा मुलूख तेव्हा तालुके सुवर्णदुर्गात.

आता मजकूर. बाईंनी दोनदा वाचला, मी तीनदा. गावाची खोती दिली आहे. सरकारी वसूल अमुक, तो वेळेवर भरावा, गावची लावणी करावी, रयत नांदवावी. घराचा उल्लेख नाही. जागेचाही नाही. म्हणजे दादाच्या पाटीवरचं १७८६ हे वसुली करायच्या हक्काचं साल आहे, भिंतींचं नव्हे.

दादाला फोन केला. तो म्हणाला, “अरे, हक्क मिळाला म्हणजे घरही तेव्हाच बांधलं असेल ना!” असेलही.

८ मार्च

शिमग्याला सगळे गावात होते, त्यामुळे माणसं मिळाली. माजघरातली तुळई साफ केली. दीडशे वर्षांची चुलीची काजळी. पाण्याचं फडकं लावायला सुतारमामांनी सक्त मनाई केली, म्हणून कोरड्या ब्रशनं, दोन दुपार. अक्षरं आहेत हे लहानपणापासून माहीत होतं, बोटांना लागायची. पण समोरून उजेड टाकला की काही दिसत नाही. रात्री दिवे घालवून विजेरी तुळईला चिकटवून आडवी धरली, तेव्हा सावल्यांमधून एकेक अक्षर उभं राहिलं:

श्री ॥ शके १७९८ धातानाम संवत्सरे माघ शु॥ १०

शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिथेच चूक होते. पौष-माघापर्यंत इंग्रजी साल उलटलेलं असतं, तेव्हा ७९ मिळवायचे. म्हणजे जानेवारी १८७७. धाता हे संवत्सर १७९८ लाच येतं, हिशेब बरोबर. त्याच महिन्याच्या १ तारखेला दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला कैसर-ए-हिंद जाहीर केलं होतं, आणि घाटावर दुष्काळ पेटला होता. १८७६ ते ७८ चा तो मोठा दुष्काळ.

काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे सासूबाई म्हणायच्या ते खरं. ‘घर उपाशी वर्षात उठलं’ असं त्या म्हणायच्या. मला वाटायचं, आपल्याकडेच काही नव्हतं तेव्हा.”

२२ मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारून छप्पर उतरवायला घेतलं. मंगळुरी कौलं खाली येऊ लागली तसा दादा एक कौल घेऊन धावत आला. पाठीवर इंग्रजी ठसा: बासेल मिशन टाईल वर्क्स, फेरोक, १८६५. “हे बघ. तुझ्या तुळईच्या आधीचं!”

त्याला वाईट वाटलं, पण सांगावं लागलं. १८६५ हे मंगळूरला मिशनचा पहिला कौलांचा कारखाना निघाला ते साल. कंपनी ते ठशात मिरवत असे, दुकानांच्या पाट्यांवर ‘स्थापना’ लिहितात तसं. फेरोक मलबारात, आणि तिथला कारखाना १९०५ चा. म्हणजे हे कौल त्यानंतरचं. त्याआधी घरावर गावठी नळीची कौलं असणार. माळ्याच्या कोपऱ्यात त्यांची खापरं सापडलीही. कुंभारानं हातानं केलेली, आतून बोटांचे ठसे असलेली.

हिशेब: धड कौलं १,१४०. फुटकी वेगळी रचली. नवी लागतील ती तशीच लाल मिळणार नाहीत, मागच्या बाजूला घालू.

९ एप्रिल, रविवार

बाई दोन दिवसांसाठी गावी आल्या आहेत. शके १७९८ ची वही उघडली. आज जे वाचलं ते नीट लिहून ठेवायला हवं.

वही म्हणजे कीर्द. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, रोजच्या रोज. हात एकच आहे, पणजोबांच्या वडिलांचा. अक्षर मोठं रेखीव. कार्तिकापासून घरकाम सुरू होतं. खर्चाच्या बाजूला गवंडी रोख, सुतार रोख, लोहाराला खिळे आणि कडी-कोयंड्यांचे दाम. शिंपल्यांचा चुना, खाडीवरून, गोण्यांच्या हिशेबानं. गूळ चुन्यात घालायला. इथपर्यंत कुठल्याही घराची वही अशीच असते.

चिरे मात्र खर्चात नाहीत. एवढं मोठं घर, सगळा जांभा, आणि चिऱ्यांवर एक पै नाही? मला वाटलं पानं गहाळ असतील. बाईंनी वही उलटी केली. मागच्या बाजूनं वेगळी नोंद होती: तारीख, नाव, बापाचं नाव, काम, आणि शेवटी एक शब्द. बाईंनी तो अक्षर अक्षर जोडून वाचला. आठवेठ.

दर आठ दिवसांतला एक दिवस कुळानं खोताचं काम फुकट करायचं, ही आठवेठ. नांगरणीच्या वेळी एक दिवस नांगर द्यायचा, ती नांगरवेठ. पालखीला खांदा, लाकूडफाटा, शाकारणी ही वेगळी. लहानपणी ‘आपल्याकडे कामाला माणसं असायची’ एवढंच ऐकलं होतं. माणसं म्हणजे ही.

एका पानावर ३१ माणसं. २२ जणांपुढे आठवेठ. ‘चिरे वाहणे सड्यावरून.’ ‘चिरे वाहणे.’ ‘तळखडा ओढणे, माणसे ६.’ उरलेल्या ९ जणांना नावं नाहीतच, नुसतं ‘घाटावरील’, आणि पुढे ‘पोटावारी’. म्हणजे मजुरी नाही, दोन वेळचं जेवण. दुष्काळातून उतरून आलेली माणसं. त्या दिवशी खर्चात नाचणी दिसते. आणि आठवेठवाल्यांच्या दिवशी? तंबाखू, दोन आणे. एवढंच.

मी बाईंना विचारलं, फुकटचं काम लिहून का ठेवलं? कोण मागणार होतं हिशेब? त्यांनी बोटानं दाखवलं. काही नावांपुढे बारीक अक्षरात ‘बाकी १’, ‘बाकी २’. दिवस चुकवला तर तो अंगावर राहायचा.

संध्याकाळी सड्यावर गेलो. जुनी चिऱ्याची खाण आता करवंदीनं भरली आहे. तिथून घर सरळ खाली दिसतं. उतार तीव्र आहे, पावसाळी पायवाट. ताजा काढलेला जांभा मऊ असतो, कापता येतो, पण ओला असल्यामुळे जड. नंतर हवेवर कडक होतो. डोक्यावर चुंबळ ठेवून एका माणसानं एक चिरा न्यायचा. मी एक जुना तुटका चिरा उचलून बघितला आणि पन्नास पावलांवर खाली ठेवला. वय झालं, हे खरंच. पण तेवढंच कारण नव्हे.

१० एप्रिल

वहीतल्या नावांना आडनावं नाहीत. नाव आणि बाप, बस. मग ही घरं कोणती? बोटखत बघायला हवं. खोतांचा आणि कुळांचा वाद वाढल्यावर १८८० चा खोती कायदा आला. त्यानंतर सर्वेखात्यानं प्रत्येक कुळाचं क्षेत्र आणि खोताला काय द्यायचं ते गाववार लिहून काढलं, ते बोटखत. भातजमिनीवर अर्धल, म्हणजे निम्मं पीक. वरकसवर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, तिरधल, तिसरा हिस्सा. त्याआधी खोत शेतात उभा राहून पिकाची अभावणी करायचा, म्हणजे नजरेनं अंदाज, आणि तोच अंतिम.

नक्कल मिळवायला एका कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या. दोनदा ‘साहेब दौऱ्यावर’. असो, मिळाली.

३० एप्रिल, रविवार

खालच्या वाडीतल्या आबांकडे गेलो. वय ८६ सांगतात. मुंबईत गिरणीत होते, संपानंतर गावी आले. वहीची आणि बोटखताची यादी बरोबर नेली होती. सांगायला थोडा संकोच वाटत होता. त्यांनी यादी मागून घेतली, चष्मा लावला, आणि घरं लावू लागले. “हा आमचा. हा पलीकडच्यांचा. ह्याचा वंश बुडाला. ह्याचे सगळे नालासोपाऱ्याला.” अकरा घरं पंधरा मिनिटांत.

मग म्हणाले, “आजा सांगायचा. खळ्यावर खोत आला की आधी फसकी, मग माप. फसकी म्हणजे मूठ. पण खोताची मूठ, ती काय आपल्यासारखी!” आणि दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली.

वेठ कधी थांबली, हे त्यांना नक्की सांगता येईना. आमच्या वह्यांत १९३८ नंतर तो शब्द येत नाही. त्याच सुमाराला मुंबईत काय चाललं होतं ते माहीत आहे. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. पण आबांचे वडील म्हणायचे की मोर्चाला गेलेली माणसं परत आल्यावर ‘चालायला लागली वेगळी’.

आबांनी पत्र्याच्या डब्यातून पावत्या काढल्या. कुळकायद्याच्या, कलम ३२ ग च्या. १ एप्रिल १९५७ ला कसेल तो मालक झाला, आणि मग जमिनीची किंमत ठरली: आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, २० ते २०० पट, हप्त्यांनी. सगळ्या पावत्या आहेत, एकही कमी नाही. “हप्ता चुकवायचा नाय असं बानं सांगून ठेवलेलं. चुकला की परत खोताकडं जाईल अशी भीती.”

आमच्या घरात याच गोष्टीचं नाव ‘कुळकायद्यात सगळं गेलं’ असं आहे. ते वाक्य मी चाळीस वर्षं ऐकलं, आणि त्यातला ‘सगळं’ कुणाकडून आलं होतं हे विचारायचं कधी सुचलं नाही.

१४ मे

कामाची नोंद. १९८४ मध्ये काकांनी ओटीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. हौसेनं. जांभा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटनं ते सोडायचं बंद झालं, आत ओल कोंडली. गिलावा ठोकला तर मागचा चिरा चहात बुडवलेल्या खारीसारखा हातात आला. १४ चिरे बदलले. मिस्त्री चुन्याला तयार नव्हता, वेळ लागतो म्हणून. शेवटी चुनाच केला.

मिस्त्री म्हणजे आबांचा नातू. मजुरीचा भाव त्यानं सांगितला आणि दादानं थोडी घासाघीस केली. मी मध्ये पडलो नाही. पडायला हवं होतं का, कळत नाही.

११ जून

पाऊस लांबला म्हणून छप्पर झालं. कोनवासा नवा, बाकी वासे जुनेच. आज रत्नागिरीपर्यंत मान्सून पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. आमच्याकडे चार थेंब आले आणि ऊन पडलं. पागोळ्या बघायच्या राहिल्या.

२ जुलै, रविवार

भावकीची व्हिडिओवर बैठक, ठाणे, नाशिक, न्यूजर्सी आणि माजघर. मी नोंदी वाचून दाखवल्या. पहिली प्रतिक्रिया: “हे सगळं पर्यटकांना सांगायची काय गरज?” दुसरी: “त्या काळी सगळेच करायचे.” खरंच करायचे. दादानं टिळकांचं नाव काढलं: चिखलगाव आमच्याच तालुक्यात, तेही खोत घराणं, आणि केसरीतून त्यांनी खोतांची बाजू मांडली होती. तेही खरं. मी म्हटलं, बाबासाहेबांचं आंबडवे शेजारच्या मंडणगडात आहे. तालुक्यांच्या हद्दी लागून आहेत. यावर नाशिकचे काका म्हणाले की आपण राजकारण नको करू या.

काकू सगळ्यांत शेवटी बोलल्या. त्या ऐंशीच्या, आणि जमीन गेल्याचं दुःख त्यांना खरोखरचं आहे. सासऱ्यांनी कोर्टाच्या खेपांत तब्येत घालवली ते त्यांनी पाहिलं आहे. त्या म्हणाल्या, “साल १८७७ लावा. तुळईवर आहे ते लावा. खोटं कशाला? आणि पेशव्यांचं काय एवढं, त्यांनी कुठे चिरे वाहिले.”

पाटीचं ठरलं नाही. ‘पेशवेकालीन’ मात्र गेलं. देवघराच्या जोत्याबद्दल मी लिहिलं आहे की ते मुख्य घरापेक्षा जुनं दिसतं. दादाला तेवढा दिलासा.

१९ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

गणपती माजघरात, तुळईखाली. सगळे आले, खालच्या वाडीतलेही. आबा काठी टेकत चढून आले, ओटीवर बसले. पूर्वी त्यांच्या घरचे लोक पडवीच्या पायरीवरच थांबत, हे त्यांनीच मागे सांगितलं होतं.

त्यांना त्या पानाची मोठी प्रत काढून दिली, खाली देवनागरीत लिप्यंतर. नातवानं मोठ्यानं वाचलं. ‘चिरे वाहणे सड्यावरून. आठवेठ. बाकी १.’

आबा हसले. “म्हणजे एक दिवस आमच्याकडं राहिलाय.” मग दादाकडे बघून, “सांगा, कधी येऊ?” दादा चहा आणायला आत गेला.

थोड्या वेळानं आबांनी मला जवळ बोलावून हळू विचारलं, “पुढं फेडला का त्यानं?” मी वही आणली, पुढची पानं उलटली. माघ वद्यापर्यंतची यादी आहे, त्याचं नाव परत नाही. फाल्गुनापासून वाळवी लागलेली.

“बघा नीट,” आबा म्हणाले. बाईंना फोटो पाठवले आहेत.